पुडल : पाणथळींतून दिवाणखान्यांत



पुडल हें नांव उच्चारतांच आपल्यापैकीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. मानेवर आणि छातीवर केसांचा भला मोठा फुलोरा, कमरेखालीं सफाचट हजामत, पायांत केसांचींच वाळ्यांसारखीं कडीं, शेंपटीच्या टोंकाला गोंडा, आणि ह्या साऱ्या थाटाला शोभेल अशी ऐटीची चाल! एखाद्या धनिक स्त्रीच्या मांडीवर विसावण्यापलीकडे ह्या प्राण्याला जगांत कांहीं काम असेल, असें हें चित्र पाहून कोणासही वाटणार नाहीं. परंतु पोशाखावरून माणसाची पारख करणें जेथें धोक्याचें, तेथें कुत्र्याची पारख करणें अधिकच धोक्याचें. कारण त्यानें आपला पोशाख स्वतः निवडलेला नसतो. आज मी ह्या कुत्र्याच्या कुळाची हकीकत सांगणार आहें, आणि ती सांगतां सांगतां त्याचा स्वभाव, त्याचीं दुखणीं व त्याचें आयुर्मान ह्यांचाही विचार करणार आहें. ह्या तिन्ही गोष्टी त्याच्या इतिहासापासून निराळ्या काढतां येत नाहींत.

प्रथम नांव. जर्मन भाषेंत ह्या कुत्र्याला 'पुडेल' म्हणतात, आणि पाण्यांत डुंबणें, पाणी उडविणें अशा अर्थाचें क्रियापद त्या नांवाच्या मुळाशीं आहे. इंग्रजांनीं तेंच नांव थोडें बदलून घेतलें. फ्रेंच लोक त्याला 'कानिश' म्हणतात. हा शब्द 'कान', म्हणजे बदकाची मादी, ह्या फ्रेंच शब्दापासून झाला आहे; आपल्या कानाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. दोन शेजारी राष्ट्रें एरव्हीं कोणत्याही गोष्टीवर एकमत न होणारीं. पण ह्या एका प्राण्याच्या बाबतींत दोघांचीही भाषा त्याला तळ्याच्या कांठीं नेऊन उभें करते. मूळ घराणें बहुधा जर्मनीचें; परंतु त्याला रूप आणि कीर्ति मिळाली ती फ्रान्सांत, आणि म्हणूनच आज सारें जग त्याला फ्रेंच समजतें.

ह्या कुत्र्याचें काम असें. शिकारी पाणथळीच्या कडेला दबून बसे, रानबदक उडालें कीं तें टिपी, आणि बदक पाण्यांत पडलें कीं पुडल पोहत जाऊन तें दांत न लावतां अलगद तोंडांत धरून आणी. थंडीचे दिवस, बर्फासारखें पाणी आणि दिवसभर ये-जा. अशा कामाला दाट, कुरळ्या केसांचें आवरण फार उपयोगी. मात्र ह्या केसांचा एक विशेष आहे. इतर कुत्र्यांचे केस ठराविक लांबीपर्यंत वाढून गळतात; पुडलाचे केस वाढतच राहतात. भिजले म्हणजे ते घोंगडीसारखे जड होतात आणि पोहणाऱ्याला खालीं ओढतात. म्हणून शिकाऱ्यांनीं मागल्या अंगाचे केस कापून टाकले, आणि छातीवरचे व सांध्यांवरचे तेवढे ऊब राहावी म्हणून ठेवले. आज जी हजामत आपणांस नखरेल वाटते तिचा जन्म असा गरजेंतून झाला, असें परंपरेनें सांगतात, आणि मला तें पटतें. पुढें शहरांतील हौशी लोकांनीं त्या गरजेचा शृंगार केला, ही गोष्ट वेगळी. पॅरिस शहरांत तर नदीकांठीं आणि पुलांवर बसून कुत्र्यांची हजामत करणारे धंदेवाईक न्हावी होते.

ह्या कुरळ्या केसांचें मर्म अलीकडे शास्त्रज्ञांनीं उलगडलें आहे. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें दिसून आलें कीं, कुत्र्यांच्या केसांचे बहुतेक सारे प्रकार अवघ्या तीन जनुकांच्या फरकांनीं होतात. त्यांपैकीं केसांतील केराटिन द्रव्याशीं संबंध असलेलें एक जनुक कुरळेपणा ठरवितें. शिकाऱ्याला ह्यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. त्याला फक्त भिजल्यावर न गारठणारा कुत्रा हवा होता.

प्रसिद्ध डच चित्रकार रेम्ब्रां ह्यानें १६३१ च्या सुमारास पौर्वात्य पोशाखांतलें आपलें एक चित्र काढलें. तें सध्यां पॅरिस येथील प्ती पाले ह्या संग्रहालयांत आहे. त्यांत त्याच्या पायांशीं असाच एक कुरळ्या केसांचा पाणकुत्रा बसलेला दिसतो. त्याची मुद्रा मांडीवर बसणाऱ्याची नाहीं, कामकऱ्याची आहे.

आतां एका प्रसिद्ध पुडलाची गोष्ट सांगतों. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स ह्याचा भाचा प्रिन्स रूपर्ट हा तीस वर्षांच्या युद्धांत १६३८ सालीं पकडला जाऊन ऑस्ट्रियांतील लिंट्स येथें कैदेंत पडला. तेथें त्याला लॉर्ड ॲरंडेल ह्या इंग्रज वकिलाकडून एक पांढरा कुत्रा भेट मिळाला. त्याचें नांव 'बॉय'. सुटका झाल्यावर रूपर्ट १६४२ सालीं इंग्लंडांत आला आणि राजा व पार्लमेंट ह्यांच्या यादवी युद्धांत राजाच्या घोडदळाचा नायक झाला. कुत्रा अर्थातच बरोबर होता. रूपर्टला विजयामागून विजय मिळूं लागतांच पार्लमेंटच्या पक्षांत कुजबूज सुरू झाली कीं, हा कुत्रा नव्हेच. ही कोणी तरी चेटकीण आहे, किंवा सैतानाचा दूत आहे! तो अदृश्य होतो, त्याला अनेक भाषा येतात, तो बंदुकीच्या गोळ्या दांतांनीं झेलतो, अशा मजकुराचीं चोपडीं छापून विकलीं जाऊं लागलीं. त्यांपैकीं कांहीं चोपडीं राजाच्याच बाजूच्या टवाळांनीं विरोधकांच्या भोळेपणाची थट्टा करण्यासाठीं लिहिलीं असावींत, असें अलीकडचे संशोधक मानतात. पण थट्टा कोणती आणि श्रद्धा कोणती हें त्या धामधुमींत कोण पाहणार? २ जुलै १६४४ रोजीं मार्स्टन मूर येथें मोठी लढाई झाली. बॉयला छावणींत बांधून ठेवलें होतें. तो सुटला, धन्याच्या मागें रणांगणांत गेला आणि मारला गेला. रूपर्टचा त्या दिवशीं पुरा पराभव झाला, आणि शत्रूच्या चोपड्यांनीं राजपुत्राच्या हारीइतकाच कुत्र्याच्या मरणाचा उत्सव केला. एका मुक्या जनावराची एवढी धास्ती घेतल्याचें दुसरें उदाहरण युद्धाच्या इतिहासांत क्वचितच सांपडेल.

सैतानाचा आणि पुडलाचा हा संबंध पुढें जर्मनींत पुन्हा जुळला. ग्योटे ह्या महाकवीच्या 'फाउस्ट' नाटकाचा पहिला भाग १८०८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत विद्वान फाउस्ट फिरावयास गेला असतां एक काळा पुडल त्याच्या मागें मागें घरीं येतो, आणि खोलींत आल्यावर फुगत फुगत जाऊन शेवटीं मेफिस्टोफेलीस ह्या सैतानाच्या रूपानें उभा राहतो. तेव्हांपासून जर्मन लोक एखाद्या गोष्टीचें खरें मर्म हातीं लागलें म्हणजे पुडलाच्या गाभ्याची उपमा देतात. आपल्या महाभारतांत युधिष्ठिराच्या मागें स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला कुत्रा हा धर्म निघाला. फाउस्टच्या मागें गेलेला सैतान निघाला. दोन्ही कथांत कुत्रा मात्र एकच गोष्ट करतो : तो मागें जातो.

आणि येथेंच मला त्या पुडलाकडे वळावयाचें आहे, ज्याच्यासाठीं आपण मराठी माणसांनींही थोडें थांबावें. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहौएर हा १८३३ पासून १८६० पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, फ्रँकफुर्ट येथें एकटा राहत असे. लग्न नाहीं, मित्र थोडे, स्वभाव तिरसट. त्याचा नित्याचा सोबती म्हणजे पुडल. एक गेला कीं तो दुसरा पुडल आणी, आणि प्रत्येकाचें नांव एकच ठेवी. तें नांव होतें 'आत्मा'! हा आपला संस्कृत आत्माच, दुसरा कोणी नव्हे. तो शब्द फ्रँकफुर्टला कसा पोंचला हेंही ऐकण्यासारखें आहे. शाहजहानचा वडील मुलगा दारा शुकोह ह्यानें काशीच्या पंडितांच्या मदतीनें १६५७ सालीं सुमारें पन्नास उपनिषदांचें फारशी भाषांतर सिद्ध केलें. पुढें आंकतील द्यूपेराँ ह्या फ्रेंच पंडितानें त्या फारशीवरून लॅटिन भाषांतर केलें. तें १८०१-०२ मध्यें छापलें गेलें. शोपेनहौएरनें तें लॅटिन पुस्तक जन्मभर उराशीं धरलें. आत्मा मरत नाहीं, देह बदलतो, हा सिद्धान्त त्यानें आपल्या कुत्र्यांना नांव देतांना किती गंभीरपणें मनांत आणला असेल तें तोच जाणे. पण ह्या नामकरणांत नुसती थट्टा होती असें मला वाटत नाहीं. युरोपांतील नीतिशास्त्र पशूंना हिशेबांतच धरीत नाहीं, हिंदु आणि बौद्ध धर्म धरतात, असें तो आपल्या ग्रंथांतून आग्रहानें लिहीत असे. शेजारचीं मुलें त्या कुत्र्याला 'धाकटा शोपेनहौएर' म्हणत. मालक रागावला म्हणजे कुत्र्याला 'माणूस' अशी शिवी देई, असेंही सांगतात! त्यानें आपल्या मृत्युपत्रांतही ह्या कुत्र्याच्या पोटापाण्याची तजवीज करून ठेविली होती.

इतका मान मिळालेला हा प्राणी इंग्रजी राजकारणांत मात्र अपमानाचें पात्र झाला. १९०७ सालीं लॉइड जॉर्ज ह्यांनीं, हाउस ऑफ लॉर्ड्स ही सभा म्हणजे बाल्फोरसाहेबांचा पुडल आहे, असा टोला मारला, आणि तेव्हांपासून 'अमक्याचा पुडल' म्हणजे अमक्याच्या तालावर नाचणारा, असा अर्थ रूढ झाला. ह्यांत पुडलावर अन्याय आहे. तो सांगितलेलें ऐकतो हें खरें; पण तो ऐकतो तें समजून ऐकतो. कॅनडांतील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन ह्यांनीं १९९४ सालीं कुत्र्यांच्या बुद्धीवर पुस्तक लिहिलें. त्यासाठीं त्यांनीं आज्ञापालनाच्या स्पर्धांच्या परीक्षकांचीं मतें गोळा केलीं. त्यांत मेंढपाळांचा बॉर्डर कोली पहिला आला आणि पुडल दुसरा. शाळेंत मुलें शिकवितांना मला असे विद्यार्थी भेटले आहेत : एकदां सांगितलें कीं कळतें, आणि दुसऱ्यांदां तेंच सांगूं लागलें कीं कंटाळून खोड्या काढतात. पुडलाचें तसेंच आहे. त्याला काम हवें, माणसांची संगत हवी. दिवसभर एकटा कोंडला तर तो भुंकतो, वस्तु कुरतडतो, भित्रा होतो. आणि मग लोक म्हणतात, जात नाजूक! सर्कशींत ह्या कुत्र्यांनीं वर्षानुवर्षें नांव गाजविलें तें ह्याच तल्लखपणामुळें. अंगांतल्या दमाबद्दल कोणास शंका असेल तर त्यानें अलास्काची हकीकत ऐकावी. तेथें सुमारें एक हजार मैलांची, बर्फावरून घसरगाडी ओढण्याची कुत्र्यांची शर्यत दरवर्षीं होते. तींत १९८८ पासून १९९१ पर्यंत जॉन सूटर नांवाच्या गृहस्थानें थोरल्या पुडलांची तुकडी उतरविली. बर्फाचे गोळे पायांच्या केसांना चिकटून त्यांचे हाल होत, म्हणून पुढें शर्यतीच्या चालकांनीं केवळ उत्तरेकडील जातींच्याच कुत्र्यांना परवानगी ठेविली. पण मांडीवरचा म्हणून हिणविलेला कुत्रा तेवढी वाट चालून गेला होता.

थोरला पुडल असें मीं म्हटलें, त्याचा खुलासा करावयास हवा. पुडल ही जात एकच. परंतु उंचीवरून तिचे वर्ग पाडले आहेत. अमेरिकेंतील नियमाप्रमाणें खांद्याशीं पंधरा इंचांहून उंच तो थोरला किंवा स्टँडर्ड, दहा ते पंधरा इंचांपर्यंतचा मधला किंवा मिनिएचर, आणि दहा इंच वा त्याहून ठेंगणा तो टॉय, म्हणजे खेळण्यासारखा. युरोपांत आणखी एक चौथा वर्ग मानतात. धाकट्या वर्गांचा तळ्याशीं संबंध फार पूर्वींच सुटला. ते शहरांत, जिन्यावरच्या खोल्यांत वाढले. चर्चिलसाहेबांचे लाडके रूफस हे दोन्ही पुडल मधल्या वर्गांतले. पहिला रूफस १९४७ सालीं मोटारीखालीं सांपडून मेला, तेव्हां साहेबांनीं दुसरा आणून त्याचेंही नांव रूफसच ठेवलें. शोपेनहौएरची आठवण व्हावी अशीच ही गोष्ट आहे.

आतां आयुष्याकडे येऊं. हत्ती उंदराहून अधिक जगतो, म्हणून मोठें जनावर दीर्घायुषी असा आपला समज असतो. कुत्र्यांत नेमकें उलट आहे. जितकी जात धिप्पाड तितकी वयें कमी. थोरला पुडल साधारणतः बारा वर्षें जगतो. मधला व टॉय चौदाच्या आसपास, आणि नीट संभाळ झाल्यास त्याहूनही पुढें जातात. लहान कुत्र्यांच्या ठेंगणेपणाला कारण होणारा वाढीसंबंधीच्या एका जनुकाचा भेद २००७ सालीं सांपडला. थोरलीं कुत्रीं लवकर वाढतात आणि म्हातारपणही त्यांना वेगानें गांठतें, असें दिसतें.

दीर्घ आयुष्याबरोबर धाकट्यांच्या वांट्याला कांहीं दुखणीं आलीं आहेत. गुडघ्याची वाटी जागची सरकते आणि कुत्रा चालतां चालतां एक पाय उचलून लंगडी घालतो. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पुरेसें न पोंचून तो झिजतो. श्वासनलिका सैल पडून खोकला लागतो. अशा कुत्र्याच्या गळ्यांत पट्टा न बांधतां छातीवरून पट्टा घालावा. तोंड लहान आणि दांत दाटीचे, म्हणून दांत लवकर किडतात व हालतात. सर्वांत वाईट म्हणजे दृष्टिपटलाचा हळूहळू होणारा क्षय. प्रथम रात्रीं दिसेनासें होतें, मग दिवसा. ह्या क्षयाच्या एका प्रकाराला कारणीभूत असलेलें जनुक २००६ सालीं ओळखलें गेलें. त्याची सदोष प्रत आई आणि बाप दोघांकडून आली तरच पिलाची दृष्टि जाते. एकाकडूनच आली तर तें पिलूं निरोगी राहतें, पण दोष पुढें नेतें. रक्ताची परीक्षा करून हें आधींच कळतें, आणि म्हणून दोन वाहकांचा संयोग न होऊं देणें हें आज माणसाच्या हातीं आहे. ह्याखेरीज लोंबत्या कानांत केस व ओल साठून कान बिघडणें हें तर साऱ्याच पुडलांचें घरगुती दुखणें होय.

थोरल्याचीं दुखणीं निराळीं आणि अधिक दारुण. त्याचें पोट एकाएकीं फुगतें आणि जठराला पीळ पडतो. कुत्रा ओकारीचे उमाळे काढतो पण बाहेर कांहीं पडत नाहीं, पोट नगाऱ्यासारखें ताणतें, तो अस्वस्थ होऊन फेऱ्या घालतो. अशा वेळीं सकाळची वाट पाहूं नये; शस्त्रक्रियेला थोडक्या तासांचाही उशीर झाल्यास प्राण जातो. दुसरें दुखणें त्वचेचें. कातडींतील तैलग्रंथि दाहानें नष्ट होतात, खपल्या धरतात आणि ते सुंदर केस झडून जातात. तिसरें ॲडिसनचा रोग. मूत्रपिंडाच्या माथ्यावरील ग्रंथि निकामी होऊन अशक्तपणा, उलट्या, खाण्याची नावड अशीं लक्षणें येतात, जातात, पुन्हा येतात, आणि चांगला वैद्यही फसतो. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ह्यांनाही हाच विकार होता. वेळीं ओळखला तर रोजच्या औषधावर कुत्रा पूर्ण आयुष्य जगूं शकतो.

शेवटचे हे दोन रोग थोरल्या पुडलांत इतके कां वाढले? येथें पुन्हा इतिहासाकडे जावें लागतें. इंग्लंडांत १८७३ सालीं केनेल क्लब स्थापन झाला, १८७६ सालीं खास पुडलांचा क्लब निघाला, वंशावळीच्या वह्या बांधल्या गेल्या. वहींत ज्याचे आईबाप नोंदलेले नाहींत तो जातीबाहेर, असा दंडक झाला. पुढें १९३५ सालीं न्यू यॉर्कच्या वेस्टमिन्स्टर प्रदर्शनांत एका पांढऱ्या थोरल्या पुडलानें सर्वश्रेष्ठ कुत्र्याचा मान मिळविला. कौतुक वाढत जाऊन १९६० पासून १९८२ पर्यंत पुडल ही अमेरिकेंतील नोंदणींत पहिल्या क्रमांकाची जात राहिली. बक्षीस मिळविणाऱ्या कुत्र्यांसारखीच पिलें सर्वांना हवीं होतीं, म्हणून त्याच थोड्या कुत्र्यांचें रक्त पुनःपुन्हा आणि नात्यांतल्या नात्यांत फिरलें. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलें कीं, विसाव्या शतकाच्या मध्यावर थोरल्या पुडलांचा वंश असा अरुंद नळींतून गेला, आणि त्यानंतर त्वचेचा हा रोग व ॲडिसनचा रोग झपाट्यानें पसरले. त्यांनीं ह्या दोन गोष्टींचा संबंध जोडला आहे.

कॅनडांतील आनुवंशिकीचे अभ्यासक जॉन आर्मस्ट्राँग ह्यांचा हिशेब तर ह्याहून सोपा आहे. सख्ख्या भावाबहिणींच्या पिलांत नात्यांतल्या रक्ताचें प्रमाण शेंकडा २५ धरतात, चुलत भावंडांच्या पिलांत शेंकडा ६.२५. आर्मस्ट्राँग ह्यांना असें आढळलें कीं, ज्या थोरल्या पुडलांत हें प्रमाण ६.२५ हून कमी होतें, ते २५ हून अधिक प्रमाणाच्या पुडलांपेक्षां सरासरीनें सुमारें चार वर्षें अधिक जगले. बारा वर्षांच्या आयुष्यांतलीं चार वर्षें! केसांच्या गोंड्यासाठीं आणि रुपेरी पेल्यासाठीं दिलेली ही किंमत आहे, आणि ती मालकानें दिलेली नाहीं.

संकर केला म्हणजे सारें सुधारतें, अशी आतां उलट समजूत पसरत आहे. १९८९ सालीं ऑस्ट्रेलियांतील वॉली कॉन्रन ह्यांनीं हवाई बेटांतील एका अंध स्त्रीसाठीं थोरला पुडल आणि लॅब्रडोर ह्यांचा संकर केला. तिच्या पतीला कुत्र्याच्या केसांनीं त्रास होत असे, म्हणून न झडणाऱ्या केसांचा वाटाड्या कुत्रा हवा होता. तीन पिलें झालीं. त्यांतील सुलतान नांवाचा तिच्याकडे गेला. पण ह्या 'लॅब्रडूडल'चें इतकें खूळ माजलें कीं, वाटेल त्या कुत्र्याशीं पुडलाचा संबंध घडवून पिलें विकण्याचा धंदा जगभर सुरू झाला, आणि २०१९ सालीं कॉन्रन ह्यांनीं स्वतःच आपल्या ह्या कृत्याबद्दल जाहीरपणें खेद व्यक्त केला. पुडलापासून दम्याच्या रोग्याला त्रास होत नाहीं, हें विक्रेत्यांचें ठरलेलें पालुपद. हॉलंडमध्यें २०१२ सालीं ह्याची परीक्षा झाली. कुत्र्याच्या अंगचें जें द्रव्य हा त्रास उत्पन्न करतें तें अशा 'निर्धोक' म्हणविणाऱ्या जातींच्या केसांत कमी नव्हे, उलट जास्तच आढळलें, आणि त्यांच्या मालकांच्या घरांतील हवेंतही कांहीं उणें आढळलें नाहीं. तेव्हां घरांत कोणास दमा असेल तर त्या माणसानें पिलाजवळ आधीं दोन-चार दिवस बसून पाहावें, पिलाच्या आईबापांच्या डोळ्यांची व खुब्यांची परीक्षा झाल्याचा दाखला मागावा, आणि केस कापणाऱ्याला दर सहा आठवड्यांनीं पैसे द्यावयाची आपली तयारी आहे कीं नाहीं तेंही पाहून घ्यावें.